पाचूची अंगठी करायचीय? पहिल्यांदाच खडा घेणाऱ्यांसाठी, कुडाळहून

दोन वर्षांपूर्वी धाकट्याची पत्रिका बघून जोशीबुवांनी सांगितलं, "बुध दुबळा आहे. सव्वापाच रत्तीचा पाचू करा, बुधवारी करंगळीत घाला." त्यांचं काम दोन मिनिटांत झालं, माझं व्हायला चार महिने लागले. सव्वापाच रत्ती म्हणजे किती ग्रॅम, पाचू आणि पन्ना एक की दोन, कुडाळ-सावंतवाडीत घ्यायचा की झवेरी बाजार गाठायचा, यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या चार महिन्यांत तीन दुकानं झाली, घेतलेला एक खडा परत केला, मुंबईच्या दोन खेपा झाल्या, आणि मध्येच जाऊबाईंच्या अंगठीचं वाटोळं झालं ते वेगळंच. बुधाचं काय ते जोशीबुवा जाणोत. मी लिहितेय ते फक्त खड्याबद्दल.

१. दुकानात शिरण्याआधी नावं पाठ करा

पाचू, पन्ना, मरकत, एमराल्ड ही चारही एकाच रत्नाची नावं. आजीच्या तोंडी पाचू, पोथीत मरकत, पेढीवर पन्ना आणि प्रयोगशाळेच्या कागदावर एमराल्ड. मध्य प्रदेशात पन्ना नावाचं गाव आहे, पण ते हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. "पन्ना खाणीचा अस्सल पन्ना" असं कोणी सांगू लागला तर चहा पिऊन उठा.

आता मुख्य गोष्ट. पाचू हे स्वतंत्र खनिज नाही, ती बेरिल नावाच्या खनिजाची एक जात आहे. बेरिल बनतं बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं. त्याचे स्फटिक सहा बाजूंचे, पेन्सिलीसारखे. शुद्ध बेरिलला रंग नसतो. नारळाचं दूध पांढरंच असतं, त्यात कोकमाचा आगळ पडला की सोलकढी गुलाबी होते आणि हिरवं वाटण पडलं की हिरवट, तसंच हे. क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश मिसळला की पाचू. लोह मिसळलं की निळसर ॲक्वामरीन, तेच लोह वेगळ्या रूपात असेल तर पिवळा हेलिओडोर. मँगनीजमुळे गुलाबी मॉर्गनाइट, आणि काहीच न मिसळलेला तो रंगहीन गोशेनाइट. लाल बेरिलही असतं, अमेरिकेतल्या युटामध्ये, पण ते इतकं दुर्मीळ की आपल्या पेढीवर येणार नाही. आलं तर नक्की दुसरंच काहीतरी असेल.

पाचू आणि बेरिल एकच, हे १७९८ साली व्होक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण करून दाखवलं आणि त्याच कामात बेरिलियम हे मूलद्रव्य सापडलं. गंमत म्हणजे बेरिल हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. आपलं वैडूर्य, प्राकृतात वेरुलिय, ग्रीकांकडे बेरिलॉस. जर्मन लोक चष्म्याला ब्रिले म्हणतात तेही त्यातूनच. पण आज नवरत्नांत वैडूर्य म्हणजे लसण्या, आणि लसण्या हे क्रिसोबेरिल. नावात बेरिल असलं तरी ते वेगळं खनिज आहे. म्हणून दुकानात जुनी नावं वापरून घोळ घालू नका. मी घातला होता. पाचूच्या किमती ऐकून "वैडूर्य दाखवा, स्वस्तातलं बेरिल" असं ऐटीत म्हणाले आणि माझ्यासमोर लसण्यांचा पुडका उघडला गेला.

२. सोबत काय न्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनार डोळ्याला लावतात तेच. स्वस्तात मिळतं. याच्याशिवाय जाऊ नका.
- लहान एलईडी टॉर्च. मोबाईलचा चालतो, पण त्याचा झोत पसरट असतो.
- कोरा पांढरा कागद. खडा निळ्या-लाल मखमलीवर ठेवला की रंग फसवतो.
- मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा. नसला तर ओळखीच्या सोनाराचा वापरा.
- चेल्सी फिल्टर, मिळाला तर. त्याबद्दल पुढे.
- पॅन कार्ड. दोन लाखांवरच्या खरेदीला ते लागतंच, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही. "कॅशमध्ये द्या, कमी करतो" या वाक्याला भुलू नका. पावती नसेल तर पुढच्या कुठल्याच पायरीला अर्थ उरत नाही.

आणि दिवसा जा. शक्यतो पावसाळा टाळून. आषाढात आमच्याकडे दुपारी दोनला दिवे लावावे लागतात, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली फिका पाचूही गर्द दिसतो. खडा घेऊन दुकानाच्या दारात यायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

३. रत्ती, कॅरट आणि गुंज: इथे पहिला खिसा कापला जातो

कुंपणावरची लाल-काळी गुंज लहानपणी सगळ्यांनी वेचलीय. सोनाराचं जुनं वजन तीच. तोळ्याला ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. तिलाच रत्ती म्हणायचे. रत्नांच्या बाजारातली रत्ती मात्र मोठी, सुमारे १८२ मिलिग्रॅम. आणि कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच.

आता सव्वापाच रत्ती करून बघा. गुंजेच्या हिशेबाने सव्वातीन कॅरटलाही थोडं कमी. रत्नबाजाराच्या हिशेबाने पावणेपाच कॅरटच्या पुढे. जोशीबुवांना विचारलं, "कुठली रत्ती?" तर म्हणाले, "दुकानदाराला कळतं." दुकानदाराला कळतंच, प्रश्न आपला आहे.

दुसरी मेख भावात. समजा भाव दोन हजार सांगितला. कॅरटला असेल तर त्या खड्याचे साडेनऊ हजार होतात, रत्तीला असेल तर साडेदहा. म्हणून वजन आणि भाव दोन्ही कॅरटमध्ये लिहून मागा, आणि काटा शून्यावर आहे ना ते बघून खडा तुमच्यासमोर ठेवायला सांगा. शिवाय मोठ्या खड्याचा भाव सरळ पटीत वाढत नाही. एक कॅरटचा भाव पाचने गुणून पाच कॅरटच्या तितक्याच चांगल्या खड्याची किंमत येत नाही, ती त्याहून वर जाते. म्हणून पाच कॅरटचा स्वच्छ, गर्द पाचू "मामुली भावात" दिसला की आपण नशीबवान आहोत असं लगेच समजू नका.

४. खडा बघायचा कसा

माझ्या चार महिन्यांतला बराच वेळ यातच गेला, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

पहिल्या दुकानात मला एक खडा दाखवला. हिरवागार, आरपार, आत एक रेघ नाही. पंचमीला पानांवर पावसाचा थेंब ठरतो तसा. दुकानदार म्हणाले, "वयनीनू, खडो एकदम ओरिजनल, बघून घेवा." मी भारावून घेऊन आले. तोच पुढे परत केला.

कारण पाचू आतून निर्मळ फार क्वचित असतो. जमिनीत तयार होतानाच त्यात भेगा, सुया, द्रवाचे थेंब, दुसऱ्या खनिजांचे कण अडकतात. फ्रेंच लोक याला पाचूतली बाग म्हणतात. भिंगाखाली खरंच शेवाळलेल्या विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटतं: धूसर पडदे, आडव्यातिडव्या रेषा, मध्येच एखादा चमकणारा ठिपका. कोलंबियाच्या पाचूंत तर कधी कधी एका सूक्ष्म पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि छोटा स्फटिक असे तिघे एकत्र दिसतात. तेव्हा आत काही नाही म्हणजे काच, किंवा कारखान्यात वाढवलेला, किंवा एवढा महाग की आपल्या हातात येणारच नाही.

ॲक्वामरीनचं नेमकं उलट. त्याचे स्फटिक मोठे आणि स्वच्छ मिळतात. ब्राझीलच्या स्फटिकातून घडवलेला दोम पेद्रो नावाचा ॲक्वामरीन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, १०,३६३ कॅरटचा, म्हणजे दोन किलोहून जास्त. त्यामुळे ॲक्वामरीन स्वच्छ असेल तर घाबरू नका, गडद निळा असेल तर घाबरा. त्याचा खरा रंग उन्हात देवबागच्या खाडीचं उथळ पाणी दिसतं तसा, फिका. पेनाच्या शाईसारखा निळा खडा बहुधा टोपाझ नावाचं वेगळंच रत्न असतो, नाहीतर स्पिनेल नावाच्या दुसऱ्या खनिजाचा कारखान्यात बनवलेला खडा.

भिंगातून बघताना या खुणा शोधा:

गोल बुडबुडे. पेजेवर येतात तसे सुटे गोल बुडबुडे दिसले की काच. माझ्या पुतण्याला तारकर्लीच्या वाळूत एक हिरवा खडा मिळाला होता, गुळगुळीत, दुधाळ कडांचा. घरभर पाचू-पाचू झालं. रापणीवरच्या एका आजोबांनी तो उन्हात धरला आणि म्हणाले, "अरे, सोड्याच्या बाटलीचो तुकडो तो!" भिंग लावलं तर आत बुडबुड्यांची रांग. समुद्राने वर्षानुवर्षं घासून त्याला रत्नाचं रूप दिलं होतं, इतकंच. पुतण्याने तो अजून जपून ठेवलाय, आणि ते बरोबरच आहे.

थर. खडा पाण्याच्या पेल्यात आडवा धरून बाजूने बघा, मागे पांढरा कागद. वर रंगहीन, खाली रंगहीन आणि मध्ये हिरवी रेघ दिसली तर ते दोन तुकडे हिरव्या डिंकाने चिकटवलेले आहेत. वरून बघताना हे अजिबात कळत नाही.

भेगांत साचलेला रंग. बाकी खडा फिका आणि भेगांत मात्र गर्द हिरवं, तर रंगवलेला स्फटिक, म्हणजे स्वच्छ गारगोटी, किंवा हिरवं तेल पाजलेला हलका पाचू. तेलाबद्दल पुढच्या पायरीत.

चेल्सी फिल्टर हे काळपट हिरव्या काचेचं छोटं साधन, १९३४ च्या सुमाराचं. त्यातून प्रखर दिव्याखाली बघितलं तर क्रोमियमवाला पाचू लालसर दिसतो. पण झांबियाच्या आणि आपल्याकडच्या पाचूंत लोह जास्त असल्याने ते बऱ्याचदा लाल दिसत नाहीत. उलट कारखान्यातला पाचू झकास लाल दिसतो. त्यामुळे "लाल दिसतो म्हणजे अस्सल" हे खोटं आहे. ॲक्वामरीनसाठी मात्र फिल्टर उपयोगी: खरा हिरवट-निळाच दिसतो, कृत्रिम निळा स्पिनेल लालसर होतो.

घरगुती परीक्षांचं काय? दुधात टाकल्यावर दूध हिरवं दिसतं, ही सगळ्यांत लाडकी. दूध हिरवं दिसतं कारण खडा हिरवा आणि पारदर्शक आहे. सोड्याच्या बाटलीचा तुकडाही दूध हिरवं दाखवतो, मी करून बघितलंय. गालाला लावून थंड लागतो का, यात थोडं तथ्य आहे, काच लवकर कोमट होते. पण स्फटिकाचा तुकडाही थंडच लागतो. काचेवर रेघ ओढून बघायची तर अजिबात नको. बेरिलचं काठिण्य दहाच्या मापावर साडेसात ते आठ, काचेवर रेघ उठते खरी, पण तीच रेघ स्वस्तातला गार दगडही ओढतो आणि तुमच्या खड्याचा कोपरा उडतो तो कायमचा.

घरी करण्यासारखी एकच परीक्षा मला पटली, ती घनतेची, आणि तीही सुट्या खड्याची. आधी खड्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला लागणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने मूळ वजनाला भागा. बेरिलचं उत्तर २.७ च्या आसपास येतं. दोन ग्रॅमचा ॲक्वामरीन असेल तर काटा सुमारे ०.७४ दाखवील. तेवढ्याच वजनाचा निळा टोपाझ ०.५७ दाखवतो, कारण त्याची घनता साडेतीन. पाचूसारखी हिरवी दिसणारी दुसरी रत्नं म्हणजे पेरिडॉट, ३.३ च्या जवळ, आणि टूर्मलीन, ३ च्या किंचित वर. हे सगळे या परीक्षेत पकडले जातात. गारगोटी मात्र २.६५, अगदी शेजारी, आणि काच कुठल्याही आकड्यावर जमवता येते. म्हणजे परीक्षेत नापास झाला तर खडा नक्की खोटा. पास झाला तर पुढची पायरी.

एक राहिलं. दारावर "इथल्या नदीत सापडलेला पन्ना" घेऊन येणारे असतात. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारा, जांभळे स्फटिक, जिओलाइट असं बरंच काही सुंदर मिळतं. बेरिल बहुतेकदा तयार होतं ते ग्रॅनाइटशी नातं असलेल्या, पेग्मटाइट नावाच्या भरड खडकाच्या शिरांत, आणि पाचू बऱ्याचदा अशा शिरा क्रोमियमवाल्या खडकाला भिडतात तिथे. पाहुण्याला पाणी द्या, पैसे नको.

५. दुकानदाराला हे चार प्रश्न विचाराच

"नैसर्गिक की घडवलेला?" कारखान्यात वाढवलेला पाचू हा रासायनिकदृष्ट्या पाचूच असतो, म्हणून "हा खरा पाचू आहे" हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटं ठरत नाही. नैसर्गिक हा शब्द पावतीवर हवा. सिंथेटिक, क्रिएटेड, लॅब ग्रोन, हायड्रोथर्मल यातलं काही दिसलं तर तो कारखान्यातला. "हायड्रो" म्हणून जे विकतात ती बहुतेकदा साधी काच. कारखान्यातल्या काही पाचूंत तर धुरासारखे पडदेही असतात, हुबेहूब बागेसारखे. तिथे तुमचं-माझं भिंग हरतं.

"तेल आहे का, कसलं?" पाचूच्या भेगा लपवायला त्यात देवदाराच्या जातीचं रंगहीन तेल भरतात. हा जुना, सर्वमान्य रिवाज आहे, बाजारातले बहुतेक पाचू असेच असतात. त्यात फसवणूक नाही, सांगितलं असेल तर. रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, भरलेला असेल तर तेही सांगायला हवं. हिरवं तेल मात्र सरळ लबाडी. "आमच्याकडे बिनतेलाचाच" असं छातीठोक सांगणाऱ्याला तेच पावतीवर लिहायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

"कुठला?" झांबिया, कोलंबिया, ब्राझील ही मोठी नावं. आपल्याकडे राजस्थानात १९४० च्या दशकात पाचू सापडले, आणि पाचूला पैलू पाडण्याचं मोठं केंद्र जयपूर. जयपूरहून आला म्हणजे जयपूरचा खडा असं नसतं, तिथे फक्त घडला. कोलंबियाच्या नावाला जास्त भाव पडतो, म्हणून हे नाव सगळ्यात स्वस्तात वाटलं जातं. प्रयोगशाळेचा कागद नसेल तर गावाच्या नावाचे पैसे देऊ नका.

"नापसंत पडला तर?" प्रयोगशाळेत खोटा ठरला तर पूर्ण पैसे परत, हे लिहून घ्या. मी घेतलं होतं, म्हणून वाचले.

बाजारातली फसवी नावंही लक्षात ठेवा. ब्राझिलियन एमराल्ड म्हणून हिरवं टूर्मलीन खपवलं जायचं, इव्हिनिंग एमराल्ड म्हणजे पेरिडॉट, इंडियन एमराल्ड म्हणजे तडकवून रंगवलेला स्फटिक. हिरवा ओनेक्स तर उपरत्न, म्हणजे पाचूऐवजी घालायचा स्वस्त खडा, म्हणून उघडपणेच विकतात. उपरत्न घ्यायला हरकत नाही, फक्त उपरत्नाच्या भावात घ्या.

६. प्रयोगशाळा: मुंबईची एक खेप वाचवू नका

दुकानात खड्यासोबत प्लास्टिकचं छोटं कार्ड मिळतं. फोटो, नक्षी, सही, सगळं असतं. ते कार्ड कोणी दिलंय ते आधी बघा. दुकानाच्याच माणसाने छापलेलं कार्ड म्हणजे मुलाने स्वतःच लिहिलेलं प्रगतिपुस्तक.

मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआय या रत्नं तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्याही प्रयोगशाळा आहेत. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: बाहेरच्या माणसाचा एकच खडा घेतात का, फी किती, किती दिवस. रात्रीची कोकणकन्या पकडली तर सकाळी मुंबईत, काम देऊन संध्याकाळी भाच्याकडे जेवायला. खडा सुटा न्या. अंगठीत बसवलेल्या खड्याचं वजन करता येत नाही आणि मागची बाजू दिसत नाही, त्यामुळे अहवाल अर्धवट येतो. देताना पोचपावतीवर कॅरटमध्ये वजन आणि मोजमाप लिहिलंय ना ते बघा, खडा परत घेताना तेच जुळवा.

अहवाल हातात आला की दोन ओळी शोधा. एक खनिजाची, तिथे नॅचरल बेरिल. दुसरी जातीची, तिथे एमराल्ड. माझा परत केलेला खडा इथेच पकडला गेला: पहिल्या ओळीवरच सिंथेटिक. माझ्या ओळखीच्या एका बाईंची गंमत वेगळी झाली. त्यांच्या कार्डावर "नॅचरल बेरिल" होतं, त्या खूश. जातीच्या ओळीत होतं "ग्रीन बेरिल". म्हणजे लोहाने हिरवट झालेलं बेरिल. खनिज तेच, नैसर्गिकही, पण ते पाचू नव्हे आणि पाचूच्या भावाचंही नव्हे. एकही शब्द खोटा नाही आणि बाई मात्र फसल्या.

तिसरी ओळ शेऱ्याची. तिथे तेलाचं प्रमाण मायनर, मॉडरेट की सिग्निफिकंट ते येतं. मायनर असेल तर छान, सिग्निफिकंट असेल तर त्याच रंगाच्या खड्याचा भाव बराच खाली यायला हवा. शेवटी अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. अहवाल खरा, पण खडा दुसराच, असंही करतात. वजन आणि मिलिमीटर जुळवूनच घ्या.

७. अंगठी घडवताना

हे मात्र गावच्या सोनाराकडेच करा. समोर बसून करून घेता येतं.

मागून बंद कोंदण नको. बंद कोंदणाखाली चमकी किंवा हिरवा कागद घातला की फिका खडा गर्द होतो. ज्योतिषीही खडा बोटाला लागायला हवा म्हणतात, तेवढं कारण पुढे करा, भांडण टळतं. नख्यांपेक्षा कडेने पट्टी असलेलं कोंदण बरं, पाचूच्या कडा पटकन उडतात.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि खड्याचं वेगळं. पाच कॅरटचा खडा म्हणजे एक ग्रॅम. तो सोन्यात तोलला गेला तर एक ग्रॅम सोन्याचे पैसे तुम्ही दगडाला दिलेत. घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वेगळे दाखवायला सांगा. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण हॉलमार्क फक्त सोन्याचा. "हॉलमार्कची अंगठी आहे, खडा खराच असणार" हे मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकलंय.

मोड करायची वेळ आली तर खड्याचं काय देणार, तेही आत्ताच विचारा. बहुतेक ठिकाणी खडा काढून तुमच्या हातात ठेवतात आणि सोन्याचे पैसे देतात.

आणि अंगठी सैल-घट्ट करायची असेल तर झाळ देण्याआधी खडा काढून घ्यायला सांगा. आचेने खडा तडकतो, नंतरच्या तेजाबाने तेल जातं.

८. रोजच्या वापरात

बेरिलला स्वतःला समुद्राच्या हवेने, घामाने, कोकमाने काही होत नाही. होतं ते भेगांतल्या तेलाला. चुलीची धग, होडीवरचं दिवसभराचं ऊन, भांड्यांची पावडर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, यांनी तेल सुकतं किंवा निघतं. नारळ खवताना, आंबे उतरवताना, जाळं ओढताना अंगठी काढून ठेवा, कारण ठोका बसला तर काठिण्य कामाला येत नाही. कठीण आणि चिवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुवायला कोमट पाणी, थोडा रिठा, मऊ ब्रश. बस. ॲक्वामरीन आणि मॉर्गनाइट याहून सोशीक, तरी उकळत्या पाण्यात त्यांनाही घालू नका.

जाऊबाईंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यांची पाचूची अंगठी सासूबाईंकडून आलेली, पोपटाच्या पंखाच्या रंगाची. त्या वर्षी गणपतीआधी त्यांनी ती उजळायला एका सोनाराकडे दिली. त्याने सोन्याच्या इतर दागिन्यांसोबत ती थरथरत्या पाण्याच्या यंत्रात टाकली आणि वर सोड्याच्या पाण्यात उकळली. सोनं लखलखीत झालं. खडा ताकात बुडवून काढल्यासारखा पांढुरका, आणि इतकी वर्षं कोणाला न दिसलेल्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर आल्या. जाऊबाईंना वाटलं खडा बदलला. मलाही क्षणभर तेच वाटलं. पण माझ्याकडे तोपर्यंत भिंग होतं, आणि जुन्या फोटोत दिसणारा कडेचा काळा ठिपका जागच्या जागी होता. खडा तोच, आतलं तेल गेलेलं. तेलाच्या जागी हवा शिरली की भेगा उजेड परतवतात आणि खडा पांढरा दिसतो.

तेल पुन्हा भरता येतं. मुंबईला माझ्या दुसऱ्या खेपेत खड्यांचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे तो दिला, आठवड्याने बऱ्यापैकी हिरवा होऊन आला. एका कोपऱ्यातली भेग मात्र वाढली ती वाढलीच. आता ती अंगठी देवघरातल्या पितळी डबीत असते, चतुर्थीच्या पाच दिवसांत बाहेर निघते, आणि मोदक वळायला बसण्याआधी जाऊबाई ती न विसरता माझ्या हातात काढून देतात.